फाटक सतरा, बोला

फोन वाजला की जगातली माणसं हॅलो म्हणतात. तिरोड्याचे आमचे घरमालक आधी पाठ ताठ करायचे, मग रिसीव्हर कानाला लावायचे आणि म्हणायचे, "फाटक सतरा, बोला." पलीकडून बालाघाटला दिलेली मुलगी बोलत असो, बँकेतला शिपाई असो की चुकून लागलेला कुणी, वाक्य तेच. मुलगी वैतागायची. "बाबूजी, तुम्ही रिटायर होऊन सहा वर्षं झाली न." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "मी झालो. फाटक कुठी झालं?"

बत्तीस वर्षं ते रेल्वेत फाटकवाले होते. त्यातली शेवटची एकोणीस त्यांनी जंगलातल्या एका आडलाईनीवरच्या एकाच फाटकावर काढली होती. दिवसाला मोजून चार-सहा गाड्या, बाकी वेळ मोह, साग आणि माकडं. नोकरी संपल्यावर त्यांनी तिरोड्यात, राइस मिलकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी घर बांधलं आणि घराला असा ओटा काढला, की गल्लीतून जाणारी शेळीसुद्धा नजरेतून सुटू नये. ओट्यावर त्यांची खुर्ची, खुर्चीखाली पाण्याचा तांब्या, मांडीवर वही आणि भिंतीच्या खिळ्याला दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. सगळे त्यांना काकाजी म्हणत. मी त्यांची अडीच वर्षं भाडेकरू होते, आणि सांगायला जरा लाज वाटते, पण नोकरी कशी करायची हे मला पुण्याच्या साहेबांनी नाही, त्यांनी शिकवलं.

त्या वहीत अख्ख्या गल्लीचा संसार वेळेसकट लिहिलेला असायचा. 'सात चाळीस, दूधवाला. आठ पाच, मिलचा ट्रॅक्टर, भरलेला. आठ दहा, तोच, पंक्चर.' माझा नवरा सकाळी स्कूटरवरून निघाला की काकाजी उठून हिरवी झेंडी दाखवायचे. हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवलेलं असलं तर लाल. पहिल्यांदा नवरा हसून पुढे जायला लागला, तर ते सरळ स्कूटरच्या चाकासमोर येऊन उभे राहिले. हेल्मेटबद्दल नवऱ्यानं माझं कधी ऐकलं नाही, पण त्या दिवसापासून काकाजींचं ऐकलं.

हा नवरा तिरोड्याला नव्यानं उभ्या राहत असलेल्या वीज प्रकल्पात लागला होता आणि मी पुण्याला एका लहानशा कंपनीत होते. कपडे धुण्याची यंत्रं, मिक्सर, इस्त्र्या यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तकं येतात आणि जी कुणी वाचत नाही, ती मी इंग्रजीत लिहायचे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले एका छपराखालचे दिवस बोटांवर मोजता आले असते. शेवटी मी साहेबांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, मी तिकडून काम करते. तेव्हा घरून काम म्हणजे पापड, शिलाई, नाहीतर शिकवण्या. साहेब सज्जन होते, पण दचकले.

"अहो मॅडम, तुम्ही काम कराल याबद्दल शंका नाही. पण ते दिसणार कसं?" बराच वेळ पेन्सिलशी चाळा करून ते म्हणाले, "तीन महिने बघू. जमलं तर कायमचं. नाही जमलं तर पुण्याला परत या, नाहीतर मग दुसरं काहीतरी बघा."

माहेरी आणि सासरी कधी नव्हे ते एकमत झालं: नवऱ्याचा पगार चांगला आहे, कशाला हा खटाटोप. नवऱ्याचा पगार चांगला होता म्हणून तर मला माझी नोकरी जास्त हवी होती. आणि ती नवऱ्याजवळ राहून हवी होती. दोन्हींतलं एक निवड असं कुणी सुचवलं की माझं डोकं फिरायचं, आणि सुचवणारे पुष्कळ होते. असे ते तीन महिने डोक्यावर घेऊन मी दिवाळीनंतर काकाजींच्या घरात उतरले.

पहिल्याच सोमवारी ते नव्या भाडेकरणीची खबरबात घ्यायला आले. सकाळचे साडेनऊ झालेले. मी गाऊनमध्ये, पलंगावर, मांडीवर लॅपटॉप.

"बीमार आहेस का पोरी?"

"नाही काकाजी, ऑफिस सुरू आहे."

"कुठी?"

"हे काय. इथंच."

त्यांनी पलंगाकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, उशीवर कलंडलेल्या कपाकडे पाहिलं, गाऊनकडे पाहायचं टाळलं, आणि निघून गेले. दुपारभर मागच्या अंगाला पोती ओढल्याचे आवाज येत होते. दुसऱ्या दिवशी पाहते, तर धान ठेवायची मागची खोली झाडून-पुसून रिकामी, आत टेबल, खुर्ची, भिंतीवर घड्याळ आणि इन्व्हर्टरची वायरसुद्धा ओढलेली. भाडं वाढणार की काय या काळजीत मी असताना त्यांनी हुकूम सोडला.

"रोज साडेनऊले चप्पल घालून समोरच्या दारानं निंघायचं. मागच्या तळ्याले एक चक्कर मारायची. अन मागच्या दारानं ड्युटीवर यायचं."

"अहो काकाजी, या खोलीतून त्या खोलीत जायला तळ्याला चक्कर कशाला?"

"माहा क्वार्टर अन फाटक, मधात वीस पावलं," ते म्हणाले. "सुरवातीले मी बी क्वार्टरच्या दारातूनच काम करत होतो. लुंगीवर. मंग समजलं, ते वीस पावलं नाही चाललं त ड्युटी सुरूच नाही होत. अन सुरू नाही झाली त संपत बी नाही."

मी हसले आणि दोन आठवडे माझंच खरं केलं. त्या दोन आठवड्यांत कणीक मळताना मेल वाचले, मेल लिहिताना दूध उतू घालवलं, नवरा दिवसभराचं सांगत असताना मान हलवत मनात इस्त्रीच्या तापमानाचा तक्ता लावला. काम दिवसभर चाललेलं असायचं आणि दिवसाअखेर झालेलं काहीच नसायचं. तिसऱ्या सोमवारी मी गुपचूप साडी नेसून, चप्पल घालून समोरच्या दारानं बाहेर पडले. काकाजी वहीत बघत राहिले, मला पाहिल्याचं दाखवलंही नाही. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, तळ्याच्या पाळीवर भाजी खुडत होत्या. त्या म्हणाल्या, "आली का तू बी लाईनीवर? बत्तीस वर्षं मी आहो, आता तू."

तळ्याच्या चकरेनं काम मार्गी लागलं, पण एकटेपणाचं काय करायचं हे मला कळेना. पुण्याला कुणाचा वाढदिवस झाला की केकचा फोटो मेलवर यायचा. निर्णय तिकडे जिन्यात, चहाच्या टपरीवर व्हायचे आणि मला तीन दिवसांनी समजायचे. नवरा रात्री यायचा तोवर मी कुणाशी काही बोललेच नाही असे दिवस जाऊ लागले. एकदा सकाळी अकराला मागच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर काकाजी.

"बोल."

"काय बोलू?"

"काही बी. आवाज चालू आहे का पाहून राहिलो. एकट्यानं राह्यलं की आवाज गंजते."

मी काय बोलणार. म्हटलं, आज थंडी आहे. ते म्हणाले, अजून. म्हटलं, नवरा डबा विसरला. अजून. मग मी वैतागून धुण्याच्या यंत्राच्या पुस्तकाचं एक अख्खं पान इंग्रजीत मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी एकाग्र होऊन ऐकलं, "ठीक आहे" म्हणाले आणि वहीत लिहिलं: 'अकरा, आवाज चालू.' तेव्हापासून रोज अकराला ही तपासणी ठरून गेली. सांगितलं तर खोटं वाटेल, पण साडेदहापासूनच मी काय बोलायचं ते जमवायला लागायचे.

फोनवरच्या बैठका त्यांना समजावून द्याव्या लागल्या नाहीत. कॉल म्हणजे गाडी, हे त्यांनी आपलं आपण ठरवलं आणि फाटकाचा कायदा मला पढवला. गाडी निघाली की स्टेशनवरून फोन येतो. फाटकवाला फाटक लावतो आणि आपल्या यादीतला एक नंबर स्टेशनला सांगतो. तो नंबर म्हणजे पुरावा, की बोलणारा खरा आहे आणि फाटक खरंच बंद आहे. गाडी गेल्याशिवाय ते उघडायचं नाही. गाडी अडकली आणि मधेच उघडायची वेळ आली, तर स्टेशननं त्यांच्या यादीतला नंबर द्यायचा. नंबर नाही तर फाटक नाही, मग समोर कलेक्टर का असेना.

त्यांनी शाळेच्या वहीच्या पानावर एकसारख्या दोन याद्या केल्या, एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. कॉलच्या आधी मी खिडकीतून पुढचा नंबर सांगायचा. मग घरातला मिक्सर, पाण्याची मोटर, टीव्ही आणि काकूंचं कांडण, सगळं बंद. कॉल संपला की त्याच्या खालचा नंबर सांगायचा, आणि मग संसार सुरू. मला हा पोरखेळ वाटायचा. पण मिक्सर बंद व्हायचा, हे नाकारता येत नव्हतं.

प्रश्न गल्लीचा होता. धान निघालं होतं आणि मिलचे ट्रॅक्टर दिवसभर जात-येत होते. दुसऱ्या महिन्यात परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर कॉल सुरू असताना एक ट्रॅक्टर खिडकीखाली मागे घेतला गेला, त्याच वेळी बादल्या विकणारा भोंगा लावून आला, आणि हे दोघं थांबले तेव्हा शेजाऱ्यांचा कोंबडा भिंतीवर चढला. गिऱ्हाईक फार सभ्य माणूस. त्यानं हळूच विचारलं, तुमचं ऑफिस शेतात आहे का. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पुढच्या महिन्यात धुण्याच्या यंत्राच्या पुस्तकाची शेवटची तपासणी आहे, नव्वद पानं, गिऱ्हाईक पान न् पान वाचून घेणार, आणि तिथं असं काही झालं तर माझा नाइलाज आहे मॅडम.

मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. काकाजी दाराबाहेर उभे होते. त्यांनी समजूत घातली नाही. इतकंच विचारलं, "कोन्या तारखेले? किती वाजता?"

शेवटच्या तपासणीच्या दिवशी त्यांनी कपाटातून ड्युटीचा निळा सदरा काढून घातला. पावणेअकराला गल्लीच्या तोंडाशी दोन पिंपं मांडून त्यावर आडवा बांबू टाकला आणि लाल झेंडी घेऊन उभे राहिले. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी खिडकीतून नेहमीसारखा नंबर ओरडून सांगितला, कुणीतरी तो त्यांना पोचवला, आणि मी दार लावून बसले. पुढचा दीड तास मी जे बोलले ते तसं पुन्हा कधी बोलले नाही. कोंबडा नाही, भोंगा नाही, पानही हललं नाही. गिऱ्हाइकानं शेवटी तोंडभर कौतुक केलं. मी कानावरचं यंत्र काढलं, हातपाय ताणले, जेवले, आणि दोन घटका आडवी झाले. पडल्यापडल्या मनात आलं, तिरोडा किती शांत गाव आहे, उगीच नावं ठेवते मी.

दोन वाजता नवऱ्याचा फोन आला. "मी जेवायला आलोय. गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. मला घरात येऊ देत नाहीत."

"कोण?"

"काकाजी. नंबर मागताहेत."

मी अनवाणी पळाले. बांबूच्या पलीकडे धानाचे चार ट्रॅक्टर, त्यांच्या मागे हळदीच्या मांडवाचं सामान घेऊन आलेला टेम्पो, त्याच्या मागे दोन सायकलवाले, माझा नवरा, आणि सगळ्यांच्या पुढे राइस मिलचे मालक स्वतः, तोंड लालबुंद. काकाजी उन्हात ताठ उभे. एक ट्रॅक्टरवाला हात जोडून म्हणत होता, "काकाजी, दो घंटे हो गये. इस गली से कौन-सी ट्रेन जाने वाली है?"

"तुले दिसत नाही म्हनून गाडी नाही, असं नसते," काकाजी म्हणाले.

मी म्हटलं, "काकाजी, झाला कॉल. केव्हाच झाला. उघडा."

"नंबर."

"अहो, मी स्वतः तुमच्यासमोर उभी आहे."

"ते दिसून राहिलं मले. नंबर."

नंबर मला आठवेना. सगळ्या गल्लीच्या देखत मी परत पळत घरात गेले, यादी शोधली, ती जेवणाच्या ताटाखाली सापडली, आणि पळत येऊन धापा टाकत सांगितलं, "सदतीस." काकाजींनी खिशातली यादी काढली, बोट फिरवलं, खूण केली, घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली, आणि मग बांबू उचलला. मिलचे मालक जाताना काकाजींच्या सात पिढ्यांबद्दल बोलून गेले. ते काकाजींनी लिहिलं नाही.

संध्याकाळी मी माफी मागायला गेले आणि माफी मागता मागता भांडायलाच लागले. एवढं कशाला ताणायचं, माणूस डोळ्यांनी दिसतंय ना. त्यांनी टोपी काढली आणि डाव्या भुवईवरचा जुना व्रण दाखवला.

"फाटक लागलं होतं. गाडी येऊन नाही राहिली. एक तास झाला. इकडं दहा बैलबंड्या, बाजाराचा दिवस. तेवढ्यात फोन आला, गाडी रद्द झाली, उघड. आवाज ओळखीचा नाही. मी म्हटलं, नंबर द्या. त्यानं शिवी देल्ली अन फोन ठेवला. मी नाही उघडलं. लोकायनं गोटे मारले. बायको लेकरू घेऊन क्वार्टरात लपली."

"मग?"

"मंग वीस मिनिटानं गाडी आली. गेली. मी फाटक उघडलं. बंड्या गेल्या."

"तुम्हाला बक्षीस वगैरे?"

"कशाचं? काही झालंच नाही न. जे झालं नाही ते लिहाले रकाना नसते, पोरी."

त्यानंतर मी नंबर विसरले नाही. पण त्यांचं म्हणणं माझ्याही बाबतीत खरं ठरायला आठवडासुद्धा लागला नाही. साहेबांचा मेल आला. गिऱ्हाईक खूश आहे, पुस्तक छापायला गेलं, अभिनंदन. मात्र कंपनीतल्या बाकीच्यांचं म्हणणं असं, की तुम्ही दिवसभर काय करता हे दिसत नाही. तेव्हा तुमच्या लॅपटॉपमध्ये एक सोय बसवू, ती दर काही मिनिटांनी पडद्याचा फोटो काढून इकडे पाठवील. ते मान्य नसेल तर महिनाअखेर पुण्याला रुजू व्हा.

मला इतका संताप आला की मी उत्तरच लिहिलं नाही. चोराच्या हातापायांवर लक्ष ठेवतात तसं माझ्यावर ठेवणार. नवरा म्हणाला, घे ना बसवून, काय बिघडतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. काकूंना सांगितलं, काकूंनी अर्थातच काकाजींना सांगितलं, आणि अकराच्या तपासणीला त्यांनी विचारलं, "तुह्या साहेबानं तुले काम करताना कधी पाह्यलं आहे का?" मी म्हटलं, पुण्याला पाहत होते की. "तठी त सगळ्यायलेच पाहे," ते म्हणाले. महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते.

पुढचं मला काकूंकडून समजलं, कारण मी खोलीत दार लावून बसले होते. साहेब कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला आले होते. तिथून गाडीत बसले आणि न सांगता तिरोड्याला उतरले. बरोबर साडेदहाला ओट्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझं नाव घेऊन चौकशी केली.

"ड्युटीवर आहे," काकाजी म्हणाले.

"हो, हो. मी त्यांच्या ऑफिसातूनच आलोय. त्यांचा साहेब."

"असाल. एक वाजता सुटी होते. बसा."

"अहो, दोनच मिनिटं भेटायचं होतं."

"ड्युटीवर भेट नाही."

साहेबांनी मोबाइल काढून मला फोन लावला. माझा मोबाइल कामाच्या वेळात काकाजींकडे जमा असायचा, ते त्यांनी बांबूच्या त्या दिवसानंतर माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वाजला. दोन हातांवर साहेब उभे असताना त्यांनी पाठ ताठ केली, फोन कानाला लावला आणि म्हणाले, "फाटक सतरा, बोला." काकू सांगतात, साहेब काही क्षण खरंच फोनमध्ये बोलले. मग बसले.

अडीच तास बसले. अकराला काकाजी मागच्या खिडकीशी येऊन माझा आवाज तपासून गेले, पण साहेबांचं नावही काढलं नाही. काकूंनी पोहे दिले, चहा दिला, पुन्हा चहा दिला. वाचायला काही आहे का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा काकाजींनी मांडीवरची वही त्यांच्या हातात ठेवली. त्यात दूधवाल्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या मधून मी होते, तीन महिन्यांची. 'नऊ एकतीस, बाई ड्युटीवर. अकरा, आवाज चालू. अकरा वीस, लाईट गेली, बाई उठली नाही. एक, जेवण. एक चाळीस, पुन्हा ड्युटीवर. सहा, सुटी, चेहरा उतरलेला.' एका पानावर होतं, 'आज बाईले ताप. नको म्हटलं. आली.' हे मला माहीतच नव्हतं की कुणी लिहून ठेवतंय.

एकला मी दार उघडून बाहेर आले तर ओट्यावर साहेब. साहेब वही मिटून उठले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्यासमोर बसणाऱ्या एकाही माणसाबद्दल मला एवढं माहीत नाही." मग घसा साफ करून म्हणाले, "ते फोटोबिटो राहू द्या. तुम्ही इथंच राहा. कायम."

"लिहून द्या," काकाजी म्हणाले.

साहेबांनी हसून पाहिलं. काकाजी हसत नव्हते. तेव्हा साहेबांनी त्याच वहीत, 'एक पाच' अशी वेळ घालून, दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मग मला आजच्या आज दोन पानांची दुरुस्ती पाठवायला सांगून ते जेवायला आलेल्या नवऱ्याच्या स्कूटरवरून स्टेशनकडे गेले.

मला ओट्यावर नाचावंसं वाटत होतं. काकूंना मिठी मारून झाली, माहेरी फोन करून झाला. काकाजी मात्र खुर्चीत बसून झेंडीची काठी उगीच पुसत होते.

"काकाजी, तुम्ही खूश नाही का?"

"खूश आहो. काऊन नाही राहीन? तुहा साहेब आला." मग म्हणाले, "माहा नाही आला."

मी खाली पायरीवर बसले. ते गल्लीकडे पाहत सांगू लागले. स्टेशनवर एक मास्तर होता. अकरा वर्षं फोनवर तोच. मधलं अंतर सात किलोमीटर. त्याच्या पोराच्या परीक्षा, त्याच्या बायकोचं दुखणं, त्याच्या दाढेचं दुखणं, सगळं यांना ठाऊक. रोज नंबर देऊन झाला की तो विचारायचा, जेवला का. यांना फाटक सोडता यायचं नाही, त्याला स्टेशन सोडता यायचं नाही. येतो येतो म्हणायचा. मग त्याची बदली झाली.

"फोनवर म्हने, उद्या सकाळच्या पॅसेंजरनं जाऊन राहिलो, तुह्या फाटकावर खिडकीतून हात दाखवतो. मी इस्त्रीचा ड्रेस घातला. हिरवी घेऊन उभा राह्यलो. गाडी आली. सगळ्याच खिडक्यातून हात निंघाले होते, पोरी. फाटकवाल्याले लेकरं हात दाखवतेच. त्यातला त्याचा कोनता, मले समजलं नाही."

काकू दारातून आत निघून गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनीही हे ऐकलं नव्हतं, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

काकाजींनी घड्याळ पाहिलं. "एक चाळीस झाले. जाय ड्युटीवर."

मी म्हटलं, साहेबांनी आज अर्ध्या दिवसाची सुटी दिलीय. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काही विचारलं नाही. मग मी विचारलं, मास्तरांचा आवाज कसा होता, आणि ते सांगत राहिले, आणि मी दिवेलागणीपर्यंत तिथंच पायरीवर बसून ऐकत राहिले.